रांगेतला मारिओ

रांगेत उभे राहणे ही आमच्या पिढीची कला आहे. आमच्या आधीच्या पिढीने देशासाठी तुरुंगात दिवस काढले. आम्ही ते रॉकेलच्या रांगेत काढले. दूधकेंद्रापुढे पहाटे आपली पिशवी ठेवायची, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर वीट ठेवायची, घरी येऊन पुन्हा डुलकी काढायची आणि परत गेल्यावर पन्नास विटांतून आपली वीट बिनचूक ओळखायची, याला साधना लागते. १९७४ साली मी स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा सडाफटिंग होतो. १९८२ साली स्कूटर दारात आली, तेव्हा मागे बसायला सौ. आणि पुढे उभे राहायला तीन वर्षांचे चिरंजीव, असा सगळा सरंजाम तिच्या स्वागताला सज्ज होता. टेलिफोनसाठी अर्ज माझ्या वडिलांनी केला आणि त्याची पहिली घंटा वाजली ती माझ्या कारकिर्दीत. त्यामुळे एखादी वस्तू मागितल्याबरोबर मिळाली, तर तिच्यात काहीतरी खोट असणार, अशी आमची ठाम समजूत आहे.

अशा माणसाने अमेरिकेत जावे आणि तिथेही त्याच्या वाट्याला रांगच यावी, याला योगायोग म्हणायचे की पूर्वसंचित, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

गोष्ट २०१६ सालची. त्या दिवाळीला आम्ही उभयता न्यू जर्सीला चिरंजिवांकडे होतो. ८ नोव्हेंबरला तिथल्या सकाळी डोंबिवलीहून शेजारच्या काकूंचा फोन आला, की पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा आज रात्री बारापासून बंद! मी म्हटले, आपण इथे, नोटा तिथे, आपल्याला काय त्याचे! पण सौ.च्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. घरी हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात तळाशी पाचशेच्या चौदा नोटा आहेत, ही माहिती मला लग्नानंतर एकोणचाळीस वर्षांनी त्या दिवशी प्रथम मिळाली.

त्याच संध्याकाळी चिरंजिवांनी विचारले, "बाबा, शुक्रवारी सकाळी मोकळे आहात का?"

निवृत्त माणसाला असा प्रश्न विचारणारा मुलगा थोर मनाचाच म्हणायला हवा. मी थोडा विचार केल्यासारखे करून "आहे" म्हणालो.

"एका दुकानापुढे रांगेत उभं राहायचंय. मला ऑफिसात मीटिंग आहे."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. एवढ्या प्रगत देशात आल्यावरही आपल्या विद्येला मागणी आहे तर! चौकशी करता समजले ते असे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८० च्या दशकातले आपले टीव्हीवर खेळायचे यंत्र तळहातावर मावेल एवढे करून पुन्हा बाजारात आणायचे ठरवले होते. रूप तेच, राखाडी डब्याचे. आत जुने तीस खेळ भरलेले. किंमत साठ डॉलर. तारीख ११ नोव्हेंबर.

"खेळ जुनेच?" मी विचारले.

"जुनेच."

"मग त्यासाठी रांग कशाला?"

"जुने आहेत म्हणूनच."

यावर मी गप्प बसलो. आता वाचकांपासून काय लपवायचे? गप्प बसायला कारण होते.

हे यंत्र आमच्या घरात एके काळी होते. म्हणजे अस्सल नव्हे. अस्सल माल आपल्याकडे क्वचितच पोचला. पोचल्या त्या त्याच्या नकला, आणि त्या इतक्या पोचल्या की १९९० च्या दशकात दर चाळीत एकदोन घरांतून मारिओच्या उड्यांचा टुंग-टुंग आवाज येई. १९९३ च्या दिवाळीत बोनसचा मोठा भाग खर्ची घालून मी ते लॅमिंग्टन रोडवरून आणले. सोबत ९,९९९ खेळांची कॅसेट होती. त्यातले खरे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे तेच खेळ नावे बदलून पुन्हा. कॅसेट चालली नाही की काढायची, तिच्या दातांवर फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. हा उपाय जगभरातल्या पोरांना कुणीही न शिकवता येत होता. फुंकर मारू नका, ओल्या श्वासाने आतले धातूचे दात गंजतात, असे खुद्द कंपनीचे सांगणे होते; पण कंपनीचे ऐकायला पोरे काय तिच्या पगारावर होती?

'कॉन्ट्रा' नावाचा एक लढाईचा खेळ होता. त्यात वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे अशी काहीतरी बटणे दाबली की तीनाऐवजी तीस जीव मिळत. चिरंजिवांना हा मंत्र झोपेतही म्हणता येई. त्रिकोणमितीची सूत्रे मात्र जागेपणीही येत नसत. १९९५ च्या जानेवारीत दहावीच्या प्रिलिमचा निकाल लागला, गणिताचा आकडा मी पाहिला, आणि चिरंजीव क्लासला गेलेले असताना ते यंत्र भंगारवाल्याला दिले. त्याने पंधरा रुपये दिले. त्यात एक बिघडलेली इस्त्रीही होती. संध्याकाळी मी सांगितले, की यंत्र जळले, दुरुस्त होण्यासारखे नव्हते. चिरंजीव "बरं" म्हणाले आणि पुस्तक उघडून बसले. पुढे गणितात चांगले गुण पडले, इंजिनियरिंग झाले, अमेरिका झाली. खोटे सार्थकी लागले असे मी धरून चाललो. पण सार्थकी लागलेले खोटेसुद्धा खोटेच असते आणि ते माळ्यावरच्या उंदरासारखे रात्री कधीतरी खुडबुड करतेच.

तेव्हा शुक्रवारी पहाटे पाचला मी कानटोपी घालून त्या दुकानापुढे उभा राहिलो. दुकानाचे नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. माझ्यापुढे अठरा माणसे होती. लहान पोर एकही नव्हते. सगळे तिशी-चाळिशीचे बाप्ये. कुणी घडीच्या खुर्चीवर, कुणी शाल पांघरून. पिशवीवर वीट ठेवून घरी जाण्याची पद्धत मी पुढच्या दाढीवाल्या गृहस्थाला समजावून सांगितली, पण अमेरिकेत विटा सहज मिळत नाहीत असे दिसले. त्या बदल्यात त्याने मला या धंद्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली. रांगेत जेवढे ज्ञान मिळते तेवढे विद्यापीठात मिळत नाही. राहिलेला भाग मी नंतर वाचून पुरा केला. तो इतिहास असा.

ही निन्टेन्डो कंपनी १८८९ साली क्योतो शहरात निघाली, ती पत्ते तयार करण्यासाठी. फुलाफुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते. म्हणजे मुलांचा वेळ फुकट घालवण्याचा तिला दांडगा अनुभव. १९८३ च्या जुलैत तिने १४,८०० येनांना टीव्हीवर खेळायचे यंत्र जपानात काढले. पण ही कथा कळायला त्याच सुमाराला अमेरिकेत काय चालले होते ते पाहिले पाहिजे.

अमेरिकेत अटारी कंपनीचे राज्य होते. १९८२ च्या उन्हाळ्यात 'ई. टी.' हा परग्रहावरच्या पाहुण्याचा सिनेमा धो धो चालला, तेव्हा अटारीने नाताळापूर्वी त्यावर खेळ काढायचे ठरवले. एका माणसाला तो रचायला सुमारे पाच आठवडे दिले. पाच आठवड्यांत आपल्याकडे लग्नपत्रिका छापून होत नाही. व्हायचे तेच झाले. त्या खेळातला तो बिचारा परग्रहवासी जिथे जाई तिथे खड्ड्यात पडे, आणि खेळणारा त्याला वर काढता काढता मेटाकुटीला येई. कॅसेटी मात्र लाखोंनी काढल्या होत्या. त्या खपेनात, इतर कंपन्यांच्या रद्दड खेळांचाही बाजारात सुळसुळाट झाला, दुकानदार माल परत पाठवू लागले. १९८३ मध्ये सुमारे ३२० कोटी डॉलरचा असलेला हा अमेरिकन धंदा दोन वर्षांत दहा कोटींच्या आसपास आला. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावी नेला आणि कचरा डेपोत पुरून वर काँक्रीट ओतले. ज्या खेळातला नायक सारखा खड्ड्यात पडत होता, तो खेळच शेवटी खड्ड्यात गेला.

हे ऐकताना मला त्या गारठ्यातही थोडे उकडू लागले. मी पंधरा रुपयांत केले, ते अटारीने मोठ्या प्रमाणावर केले होते, एवढाच फरक.

यानंतर निन्टेन्डोने अमेरिकेत पाऊल टाकले ते फुंकून फुंकून. दुकानदार 'व्हिडिओ गेम' हा शब्द ऐकला तरी दार लावून घेत. म्हणून १९८५ मध्ये न्यूयॉर्कला यंत्र विकायला ठेवले तेव्हा त्याला 'एंटरटेनमेंट सिस्टिम' म्हटले, त्याचे रूप व्हिडिओ कॅसेटच्या यंत्रासारखे केले आणि सोबत एक रोबोही दिला. हे खेळणे नव्हेच, असा देखावा. कडू औषध गुळात घालून देतात. इथे गूळ औषधाच्या बाटलीत भरून विकला. तो असा काही खपला की बोलायची सोय नाही. पण कंपनीच्या मनातून तो खड्डा गेला नाही. दुसऱ्यांनी खेळ करून तिच्या यंत्रासाठी विकायचे असतील, तर त्यांना वर्षाला पाचच काढायची परवानगी. माल बेताने पाठवायचा. १९८८ मध्ये त्यात चिपांचा तुटवडा पडला आणि नाताळात आईबाप कॅसेटींसाठी दुकाने पालथी घालू लागले. कंपनी मुद्दाम माल अडवते, असा आरोप तेव्हा झाला आणि पुढेही होत राहिला. खरेखोटे देव जाणे. पण पंगतीत एकदा अन्न वाया गेले की दुसऱ्या वेळी वाढपी हात आखडता घेतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. २०१६ सालीही तेच झाले. एका नाताळापुरती गंमत म्हणून काढलेली वस्तू. तिच्यासाठी तीस वर्षांपूर्वीची सगळी पोरे पाकिटे घेऊन पहाटेपासून उभी राहतील, हा हिशेब कुणी केला नसावा.

दुकान उघडले. आत यंत्रे होती आठ. मी एकोणिसावा. दाढीवाला नववा. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी १९७२ च्या दुष्काळात रेशन दुकानापुढे पाहिलेली होती. पहिल्या आठांतल्या एकाने बाहेर पडता पडताच फोनवर कुणाला तरी भाव सांगायला सुरुवात केली. साठ डॉलरचे ते यंत्र त्या आठवड्यात दोनशे आणि त्याहूनही अधिक डॉलरना हातोहात विकले जात होते. म्हणजे सिनेमाच्या तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्या आमच्या मंडळींना तिकडे उत्तम भवितव्य होते.

रिकाम्या हाताने परत येताना मला एक गंमत वाटली. त्या एकाच आठवड्यात डोंबिवलीत माझे शेजारी बँकेच्या रांगेत जुन्या नोटा घेऊन उभे होते आणि मी इथे जुन्या खेळासाठी. तिकडे पाचशेची जुनी नोट रात्रीत कागद झाली, आणि इकडे पंधरा रुपयांचे भंगार सोन्याच्या भावाला पोचले. जुने ते सोने म्हणतात. कोणते जुने, ते मात्र कुणी आधी सांगत नाही.

चिरंजीव म्हणाले, "जाऊ द्या हो बाबा, खेळणंच आहे." अगदी १९९५ सारखे "बरं" म्हणाले आणि लॅपटॉप उघडून बसले. मला ते जास्तच लागले.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीत आम्ही परत आलो. त्या काळात परदेशी असलेल्यांना नोटा बदलायला ३१ मार्च २०१७ पर्यंत मुदत होती, म्हणून पासपोर्ट आणि डाळीचा वास येणाऱ्या चौदा नोटा घेऊन आम्ही फोर्टात रांगेत उभे राहिलो. सात हजार रुपये खात्यात जमा झाले. पण खाते जॉइंट आहे. डब्याच्या तळाशी एकोणचाळीस वर्षे जपलेले एक स्वातंत्र्य त्या दिवशी संपले, हे सौ.च्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आले. रांगेतून मनासारखी वस्तू मिळाली तरी माणूस सुखी होतोच असे नाही.

एप्रिलमध्ये निन्टेन्डोने ते यंत्र बंद करत असल्याचे जाहीर केले. तोवर २३ लाख विकली गेली होती. लोक चिडले. कंपनीने सप्टेंबरमध्ये त्याचा थोरला भाऊ काढला. तोही लगेच गडप झाला. मग २९ जून २०१८ ला पहिले यंत्र पुन्हा बाजारात आले आणि त्या महिन्यात अमेरिकेत नव्या कोऱ्या यंत्रांना मागे टाकून सर्वाधिक संख्येने विकले गेले. म्हातारा नवरदेव पुन्हा बोहल्यावर चढला तो असा! हे पाहून दुसऱ्या एका बड्या कंपनीला, म्हणजे सोनीला, हुरूप आला. तिने त्याच डिसेंबरात आपले जुने प्लेस्टेशन छोटे करून शंभर डॉलरला मांडले. ते महिनाअखेर साठावर उतरले, तरी फळीवर पडून. नुसते जुने असून भागत नाही. कुणीतरी ते हातातून काढून घेतलेले असावे लागते.

आणि अलामोगोर्डोचा खड्डा? तो एप्रिल २०१४ मध्ये उकरला. तेराशेच्या आसपास कॅसेटी वर निघाल्या. त्यातल्या बऱ्याचशा लिलावात विकून एक लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आणि एक कॅसेट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसली. २०२१ च्या जुलैत तर मारिओच्या एका कॅसेटीला लिलावात १५ लाख ६० हजार डॉलर मिळाले. का, तर ती खोक्यातून कधी बाहेरच काढलेली नव्हती. जिच्याशी कुणी खेळले नाही तीच सर्वांत महाग! एवढ्या सगळ्या इतिहासातून मला उमगले ते एवढेच, की टंचाई कारखान्यात तयार होत नाही. ती घर आवरताना तयार होते. आज ज्या वस्तूसाठी लोक रांग लावतात, ती काल कुणा शहाण्या माणसाने अडगळ म्हणून बाहेर काढलेली असते.

२०१८ च्या जुलैत आम्ही पुन्हा न्यू जर्सीला गेलो. एकदा भाजी आणायला गेलो असताना शेजारच्या दुकानात ते यंत्र फळीवर दिसले. एक नव्हे, चांगली सातआठ खोकी. रांग नाही, गर्दी नाही. मला क्षणभर खोटीची शंका आली. पण घेतले, स्वतःच्या पैशाने.

त्या रात्री चिरंजिवांनी खोके उघडले. आत 'कॉन्ट्रा' नव्हता, त्याचा पुढचा भाग होता. बदके मारायचा खेळही नव्हता, कारण त्याची ती बंदूक आताच्या चपट्या टीव्हीवर चालत नाही. कॅसेटच नसल्यामुळे फुंकर मारायलाही जागा नव्हती. तरी एकोणचाळीस वर्षांचा तो गृहस्थ मांडी घालून जमिनीवर बसला आणि टुंग-टुंग सुरू झाले. नातू थोडा वेळ बघून आपल्या टॅबकडे वळला.

मी म्हटले, "तुला एक सांगायचंय. ते आपलं यंत्र जळलं नव्हतं."

"माहीत आहे," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "त्या दिवशी क्लासहून येताना भंगारवाल्याच्या हातगाडीवर दिसलं मला. मी परत मागितलं. तो वीस रुपये म्हणाला. माझ्याकडे अकराच होते."

बराच वेळ मला काही सुचेना. "मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? प्रिलिमला गणितात नापास झालो होतो ना."

तेवीस वर्षे जपलेल्या माझ्या खोट्याची ही किंमत: भंगारात पाच रुपये नफ्याने खपणारी वस्तू, आणि नऊ रुपये कमी पडलेला एक मुलगा. काहीतरी बोलायला हवे होते. पण बापाच्या तोंडून अशा वेळी जे निघते तेच निघाले.

"अरे, टीव्हीला नाक लावून काय बसलायस? मागे सरक!"

"बाबा, वायर तीन फुटांचीसुद्धा नाहीये," तो हसत म्हणाला. "तुम्हीच पुढे या." आणि दुसरे बटणांचे खेळणे नव्हते म्हणून त्याने आपले माझ्या हातात दिले.

गुडघ्यांची समजूत घालून मी जमिनीवर बसलो, पुढे सरकलो. "उडी मारा, बाबा! उडी!" मागून सौ. म्हणाली, "अहो, सांगतोय ना तो, मारा की!" पण कोणते बटण उडीचे हे पाहीपर्यंत उशीर झाला, आणि मी पहिल्याच खड्ड्यात पडलो.